टाळेबंदीत जपलेले बाळ आणि नंतर आलेला आरएसव्ही: आमची खबरदारी चुकली होती का?

ऑकलंडची आई

नमस्कार. गेली चार-पाच वर्षे मनात असलेला एक प्रश्न येथे मांडत आहे. या विषयातले जाणकार आणि अनुभवी पालक, दोघांचीही उत्तरे मला हवी आहेत.

माझा मोठा मुलगा सप्टेंबर २०२० मध्ये ऑकलंडला जन्मला. त्याच वर्षी २५ मार्चच्या मध्यरात्री न्यूझीलंडमध्ये कोविडच्या महासाथीमुळे कडक टाळेबंदी सुरू झाली होती आणि देशाच्या सीमा बंद होत्या, त्यामुळे भारतातून माझी आई बाळंतपणाला येऊ शकली नाही. आम्ही दोघांनीच सगळे निभावले. बाहेरून आल्यावर कपडे बदलायचे, हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचे नाही, कोणी भेटायला आलेच तर अंगणातच बसवायचे, हे सारे आम्ही कसोशीने पाळले. पहिले नऊ महिने बाळाला साधे पडसेसुद्धा झाले नाही, याचे आम्हाला मोठे समाधान होते.

जून २०२१ च्या अखेरीस मी कामावर परत गेले आणि बाळ डेकेअरला जाऊ लागले. तीन आठवड्यांतच त्याला खोकला, मग घरघर आणि मग धाप लागली. चार रात्री रुग्णालयात काढाव्या लागल्या. नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि दूधही नळीनेच दिले जात होते. तपासणीत आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, श्वसनमार्गाचा एक विषाणू) निघाला. त्या वॉर्डात एकही खाट रिकामी नव्हती आणि सगळ्या खाटांवर आमच्यासारखीच घरघरणारी बाळे होती.

तो पूर्ण बरा झाला आणि आता शाळेत जातो. परंतु तेव्हापासून घरातली वडीलधारी मंडळी एकच वाक्य वारंवार म्हणतात: "तुम्ही त्याला फार जपलेत, म्हणून त्याच्या अंगात ताकदच तयार झाली नाही." दुसरे बाळ येत्या जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, व्हायचे आहे. म्हणून मला खरोखर समजून घ्यायचे आहे की आमच्या खबरदारीमुळे मुलाचे नुकसान झाले का, आणि या वेळी त्यातले काय पाळावे व काय सोडून द्यावे.

बालरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

ताई, आधी थेट उत्तर देतो आणि मग कारण सांगतो. तुमच्या खबरदारीने मुलाचे नुकसान झाले नाही. तुम्ही त्याचा आजार पुढे ढकललात, आणि या विशिष्ट आजारात पुढे ढकलणे हाच मोठा लाभ असतो.

आरएसव्ही हा काही नवा विषाणू नाही. १९५६ मध्ये तो प्रथम सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे आजारी बाळांमध्ये आढळला. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. मोठ्यांना त्याने बहुधा नुसती सर्दी होते, पण तान्ह्या बाळाच्या बाबतीत तो फुप्फुसांतील सर्वांत बारीक श्वासनलिकांपर्यंत उतरतो आणि तेथे सूज व चिकट स्राव साचवतो. यालाच आम्ही ब्राँकियोलायटिस म्हणतो. नलिकेची त्रिज्या निम्मी झाली की हवेच्या प्रवाहाला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, तर जवळजवळ सोळा पट होतो. म्हणूनच जी सूज तुमच्या-माझ्या छातीत जाणवणारही नाही, ती दोन महिन्यांच्या बाळाला दमवून टाकते. २०१९ या एका वर्षात या विषाणूमुळे पाच वर्षांखालील सुमारे १,०१,४०० मुले दगावल्याचा जागतिक अंदाज आहे. त्यातील सुमारे ४५,७०० बाळे सहा महिन्यांच्या आतली होती, आणि बहुतांश मृत्यू आपल्यासारख्या मध्यम व कमी उत्पन्नाच्या देशांतले होते. त्यामुळे पहिले सहा महिने बाळाला आरएसव्हीपासून दूर ठेवणे ही काही लाडाकोडाची गोष्ट नाही.

प्रतिकारशक्ती ही तालमीत जोर-बैठका काढून कमवावी अशी वस्तू नव्हे. आजारी न पडल्याने ती रोडावत नाही. त्या नऊ महिन्यांत तुमच्या बाळाच्या अंगावर दूध, माती, अन्न आणि घरातली माणसे यांच्यामार्फत असंख्य जंतू येत होते व त्याचे शरीर शिकतच होते. त्याला फक्त आरएसव्हीची ओळख नव्हती. ती ओळख त्याला दुसऱ्या महिन्यात झाली असती किंवा दहाव्या, पण कधीतरी झालीच असती. माझ्या मते दहाव्या महिन्यात झाली हे बरेच झाले.

आमच्याकडे श्वासाचे हे आजार पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी उचल खातात. २०२० च्या पावसाळ्यात माझ्या बाह्यरुग्ण विभागात घरघरणारे बाळ पाहायला मिळत नव्हते. तीस वर्षांच्या व्यवसायात मी असा ऋतू पाहिला नव्हता. पालक भीतीने येत नसतील अशी शंका मला आधी आली, पण जी बाळे अन्य कारणांनी येत होती, त्यांच्याही छात्या स्वच्छ होत्या.

मात्र वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात एक कण सत्याचा आहे आणि तो नाकारू नये. एका बाळाच्या दृष्टीने लांबणीवर पडणे चांगले असले, तरी दोन वेगवेगळ्या वर्षांत जन्मलेली बाळे एकाच महिन्यात आजारी पडणे रुग्णालयाच्या दृष्टीने वाईट असते. तुम्हाला रिकामी खाट दिसली नाही याचे कारण तेच आहे.

पर्थहून एक बाबा

ताईंचा अनुभव वाचून आमचे २०२० चे वर्ष आठवले. पश्चिम ऑस्ट्रेलियात जे घडले ते या प्रश्नासाठी फार बोलके आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्या राज्यात मे २०२० मध्येच शाळा पुन्हा भरल्या आणि मुले मैदानावर एकत्र खेळू लागली. मोठी मुलगी तेव्हा पहिलीत आणि धाकटी चार महिन्यांची होती. त्यामुळे आता घरी सर्दी येणार अशी मनाची तयारी आम्ही केली होती. तरीही त्या हिवाळ्यात मुलांमधील आरएसव्ही नेहमीच्या तुलनेत ९८ टक्क्यांनी आणि इन्फ्लुएन्झा ९९ टक्क्यांहून अधिक घटला. शाळा उघड्या असूनही असे झाले, म्हणजे हा परिणाम केवळ मुलांना घरी बसवल्याचा नव्हता. राज्याच्या आणि देशाच्या सीमा बंद असल्यामुळे बाहेरून विषाणू आत येत नव्हता, हात धुतले जात होते आणि सर्दी झालेले मूल शाळेत पाठवायचे नाही हा नियम पालक प्रथमच मनापासून पाळत होते. यातील कोणत्या गोष्टीचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे, परंतु सीमांचा वाटा मोठा असावा असे मला वाटते.

त्यानंतर सप्टेंबरच्या अखेरीपासून, हिवाळा सरून वसंत लागल्यावर, आरएसव्ही वाढू लागला आणि डिसेंबर-जानेवारीच्या कडक उन्हाळ्यात रुग्णालये भरली. इथे उन्हाळ्यात आरएसव्हीची अशी लाट येत नसते. तेव्हा आढळलेली सर्वांत लक्षणीय बाब म्हणजे आजारी मुलांचे वय. आधीच्या वर्षांत रुग्णांचे मध्यक वय (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून लहान आणि निम्मे मोठे, ते वय) साधारण सात ते साडेबारा महिने असे, ते या लाटेत अठरा महिन्यांच्या पुढे गेले. डॉक्टरसाहेबांनी जे "पुढे ढकलणे" सांगितले, ते आकड्यांत असे दिसते. पुढे विषाणूंच्या जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा पूर्वी फिरणाऱ्या अनेक वंशांपैकी बहुतेक दिसेनासे झाले असून मोजक्याच वंशांनी ही लाट उभी केली होती असे आढळले.

आमच्या धाकटीला डिसेंबरमध्ये, ती अकरा महिन्यांची असताना, तो झाला. पाच दिवस ती खोकली, दोन रात्री आम्ही तिला आळीपाळीने उभे धरून झोपवले, आणि ती घरीच बरी झाली. तिची मोठी बहीण टाळेबंदीच्या कितीतरी आधी, सात आठवड्यांची असताना, याच विषाणूने रुग्णालयात गेली होती. दोन मुलींचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मी जाणतो. पण बाप म्हणून निवड करायची झाली तर अकराव्या महिन्याचाच आजार मी निवडेन.

सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापिका, पुणे

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. थोडी भर घालते, कारण "प्रतिकारशक्तीची उधारी" या शब्दप्रयोगाने पालकांचा बराच गोंधळ केला आहे.

हा शब्दप्रयोग २०२१ मध्ये फ्रान्समधील बालरोगतज्ज्ञांच्या एका लेखातून रूढ झाला. त्यांचा रोख एका मुलाकडे नव्हता, तर सबंध समाजाकडे होता. एखादा विषाणू वर्षभर फिरला नाही तर त्याला न भेटलेल्यांची संख्या वाढत जाते आणि तो परतला की लाट मोठी येते, एवढाच त्याचा अर्थ. न्यूझीलंडमध्ये हे अगदी स्पष्ट दिसले. २०२० च्या हिवाळ्यात तिथे आरएसव्ही ९८ टक्क्यांनी घटला होता. एप्रिल २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाशी विलगीकरणाविना ये-जा सुरू झाली, आणि जून-जुलैमध्ये जी लाट आली तिचे शिखर आधीच्या पाच वर्षांच्या सरासरी शिखरापेक्षा कितीतरी पट उंच होते. मुलांच्या ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ताई, तुमचे बाळ नेमके त्याच आठवड्यांत डेकेअरला जाऊ लागले. तुम्ही काहीही केले असते तरी त्या लाटेची उंची बदलली नसती.

या उधारीत आईचाही एक हिस्सा असतो आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. बाळाला जन्माच्या वेळी जी प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिने, अँटिबॉडीज) मिळतात, ती आईच्या रक्तातून वारेवाटे आलेली असतात. आईला अधूनमधून आरएसव्हीची किरकोळ सर्दी होते, आणि त्यामुळे तिच्या प्रतिपिंडांना उजाळा मिळत राहतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२० आणि २०२१ मधील रक्तनमुन्यांची तुलना झाली, तेव्हा प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांमध्ये आणि बाळांमध्ये ही प्रतिपिंडे घटलेली आढळली. म्हणजे त्या काळात जन्मलेल्या बाळांची शिदोरी थोडी हलकी असण्याची शक्यता होती. आता विषाणू पुन्हा दरवर्षी फिरत असल्याने तुमच्या दुसऱ्या बाळाबाबत ही अडचण तशी राहिलेली नाही.

सगळे विषाणू सारखे दबले नाहीत, हीसुद्धा शिकण्यासारखी गोष्ट आहे. आरएसव्ही आणि इन्फ्लुएन्झा यांच्याभोवती चरबीचे वेष्टण असते, ते साबणाने आणि अल्कोहोलने विरघळते. नेहमीच्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस मात्र वेष्टणाविना असतो, त्याचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत, आणि तो लक्षणे नसलेल्या मुलांच्या नाकातही रेंगाळतो. तो टाळेबंदीतही टिकला. हाँगकाँगमध्ये २०२० च्या शरद ऋतूत शाळा उघडल्या तेव्हा मुले मुखपट्टी लावत असूनही शाळाशाळांमध्ये ऱ्हायनोव्हायरसच्या साथी आल्या. दुसऱ्या टोकाला इन्फ्लुएन्झा-बीचा यामागाता हा वंश आहे. मार्च २०२० नंतर तो जगात कोठेही खात्रीने सापडलेला नाही, आणि त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तो लसीतून वगळण्याची शिफारस केली.

मला सर्वांत विचारप्रवृत्त करणारे निरीक्षण इस्राएलचे वाटते. न्यूमोकोकस हा जिवाणू लहान मुलांच्या नाकाघशात निमूट राहतो आणि कधीतरी फुप्फुसांत किंवा रक्तात शिरून गंभीर न्यूमोनिया घडवतो. महासाथीच्या काळात तेथील मुलांच्या नाकातले त्याचे प्रमाण फारसे घटले नाही, तरीही त्याच्यामुळे होणारे आजार ठळकपणे कमी झाले, कारण त्याला वाट करून देणारे आरएसव्ही आणि इन्फ्लुएन्झासारखे विषाणू फिरत नव्हते. म्हणजे बाळाला विषाणूपासून वाचवताना आपण त्याला मागून येणाऱ्या जिवाणूपासूनही वाचवत होतो. भारतात न्यूमोकोकसची लस २०२१ मध्ये देशभरच्या नियमित लसीकरणात आली. ज्यांची बाळे भारतात आहेत त्यांनी तिची सहावा आठवडा, चौदावा आठवडा आणि नववा महिना ही वेळ चुकवू नये.

खबरदारीने एक नुकसान मात्र खरेच केले, आणि ते फार कमी बोलले जाते. टाळेबंदीत नियमित लसी चुकल्या. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि बालके दगावली. गोवर फुप्फुसांनाही सोडत नाही. साबण, मुखपट्टी आणि अंतर यांनी मुलांचे काही बिघडले नाही. दवाखान्याची वाट बंद झाल्याने मात्र बिघडले. मला वाटते, पुढच्या वेळी या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या गेल्या पाहिजेत.

ऑकलंडची आई

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. "तुम्ही काहीही केले असते तरी त्या लाटेची उंची बदलली नसती" हे वाक्य मी दोनदा वाचले आणि नवऱ्यालाही वाचून दाखवले.

आता पुढचे विचारते. मोठा शाळेत जातो आणि दर पंधरा दिवसांनी काही ना काही घरी घेऊन येतो. त्याला महिनाभर शाळेतून काढावे, असे एका मैत्रिणीने सुचवले. माझ्या मनाला ते पटत नाही, पण भीतीही वाटते. आणि या वेळी माझी आई येणार आहे. तिला काय सांगू?

बालरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

भीती साधार आहे. केनियातील किलिफी येथे घराघरांत जाऊन झालेल्या अभ्यासात तान्ह्या बाळांना झालेल्या आरएसव्हीच्या संसर्गांपैकी निम्म्याहून अधिक घरातूनच आले होते, आणि घरात तो आणणारी बहुधा मोठी भावंडे होती. तरीही मी शाळा बंद करायला सांगणार नाही. मुलाने घरी आल्याबरोबर साबणाने हात व तोंड धुवावे, शाळेचे कपडे बदलावेत, आणि बाळाच्या तोंडाचा पापा न घेता पायांचा घ्यावा, असे त्याला खेळासारखे शिकवा. त्याला सर्दी असेल त्या दिवसांत बाळाची खोली वेगळी ठेवा व खिडकी उघडी ठेवा. तुम्हाला स्वतःला सर्दी झाली तर मुखपट्टी लावून दूध पाजा, पण पाजणे थांबवू नका.

आता २०२० मध्ये जे उपलब्ध नव्हते ते आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईला देण्याची आरएसव्हीची लस २०२३ पासून काही देशांत दिली जाते. तिने तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. दुसरा मार्ग म्हणजे निर्सेव्हिमॅब हे तयार प्रतिपिंडाचे इंजेक्शन. ते बाळाला एकदाच द्यायचे असते आणि सुमारे पाच महिने संरक्षण देते. स्पेनमधील गॅलिसिया प्रांतात २०२३ च्या हंगामात सरसकट सर्व बाळांना ते देऊ केल्यावर आरएसव्हीमुळे रुग्णालयात दाखल होण्याविरुद्ध ८२ टक्के परिणामकारकता दिसली. तुमच्या मिडवाइफकडे दोन्हींबद्दल आजच चौकशी करा, कारण आईच्या लसीसाठी गर्भारपणातले आठवडे ठरलेले असतात. डांग्या खोकल्याचीही लस गर्भारपणातच घ्या. तो आजारही महासाथीत दबला होता आणि नंतर उसळला. न्यूझीलंडमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची राष्ट्रीय साथ जाहीर झाली होती.

एवढे करूनही बाळ आजारी पडलेच, तर ते शांत असताना एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक असतील, तर त्याच दिवशी दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल, नेहमीच्या निम्मेही दूध घेत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वास मध्येच थांबत असेल, तर वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा. तीन महिन्यांच्या आतील बाळाला नुसता ताप आला तरी दाखवावे. खोकल्याची औषधे देऊ नका. आरएसव्हीवर प्रतिजैविकांचाही उपयोग नसतो. दूध पाजण्यापूर्वी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालून नाक मोकळे करणे, आणि थोडे थोडे पण वारंवार पाजणे, हाच घरचा मुख्य उपचार आहे.

निवृत्त परिचारिका, सातारा

लेकी, तुझी आई येणार आहे म्हणून मी लिहिते. मी स्वतः दोन लेकींच्या बाळंतपणांना परदेशी गेले आहे, आणि त्याआधी पस्तीस वर्षे प्रसूतिकक्षात व बालविभागात काम केले आहे.

आपण आया प्रेमाने बाळंतविड्याचे सामान बांधतो. त्यात डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि ओवा असतो, आणि ते सगळे आणू दे. पण न्हाऊ घातल्यावर बाळाला वावडिंग-ओव्याची धुरी देण्याची जी रीत आहे, ती तुझ्या घरी होऊ देऊ नकोस. बंद खोलीत बाजेखाली शेगडी ठेवणेही नको. धूर कशाचाही असो, तो त्या बारीक नळ्यांना सोसत नाही, आणि धुरातल्या घरची बाळे छातीच्या आजाराने जास्त वेळा येतात हे मी वॉर्डात वर्षानुवर्षे पाहिले आहे. बाळाच्या नाकात तेल सोडायचेही नाही, कारण ते फुप्फुसात उतरले तर वेगळाच न्यूमोनिया होतो. मालिश खुशाल करावी.

तुझ्या आईने इन्फ्लुएन्झाची आणि डांग्या खोकल्याची लस निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी घ्यावी. विमानातून उतरल्यावर तिला सर्दी-खोकला असेल तर तो निवळेपर्यंत तिने स्वयंपाकघर सांभाळावे आणि बाळ दुरून पाहावे. तिला वाईट वाटेल. तू आत्ताच फोनवर सांगून ठेवलेस तर कमी वाटेल. मी माझ्या धाकट्या नातीला पहिले सहा दिवस दारातूनच पाहिले होते, आणि त्याने माझ्या मायेत काही उणे आले नाही.

बारसे बाराव्या दिवशीच व्हायला हवे असे नाही. तिसऱ्या महिन्यात, थंडी ओसरल्यावर, मोकळ्या अंगणात करा. त्या वेळी पाळण्याला हात लावण्याआधी प्रत्येकाने हात धुवावेत, म्हणून दाराशीच साबण-पाणी ठेवा. पूर्वी आपल्याकडे बाहेरून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय बाळंतिणीच्या खोलीकडे फिरकत नसे. हा नियम महासाथीच्या आधीपासूनच आपला होता.

ऑकलंडची आई

काकू, आईला काल रात्रीच फोन केला. धुरीचे ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली की तुझ्या वेळी तुला खोकला होत असे, तो कदाचित त्यामुळेच असेल. दोन्ही लसी ती पुढच्या आठवड्यात घेणार आहे. बारसे आम्ही सप्टेंबरमध्ये, मोठ्याच्या वाढदिवसाच्या सुमारास, अंगणात करायचे ठरवले आहे.

मोठ्याला शाळेतून काढणार नाही. पायांचा पापा घेण्याची कल्पना त्याला इतकी आवडली आहे की तो आत्तापासूनच बाहुलीवर सराव करत आहे.

मिडवाइफची भेट गुरुवारी आहे. तेथे आरएसव्हीच्या लसीबद्दल आणि बाळाच्या इंजेक्शनबद्दल जे कळेल, ते याच धाग्यावर लिहीन, म्हणजे इकडच्या इतर आयांनाही त्याचा उपयोग होईल.